गाडी तुमची, हप्ते तुमचे. मग गिअरबॉक्सवर हक्क कुणाचा?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक गाडी आहे, किंवा जे सेकंडहँड ऑटोमॅटिक घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनीही वाचा. आज गिअरबॉक्स आहे, उद्या तुमचा ट्रॅक्टर किंवा फ्रीज असेल.

समजा, तुमची नऊ-दहा वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे. इंजिन ठणठणीत, बॉडीला गंज नाही, पण गिअरबॉक्स गेला. वॉरंटी कधीच संपलेली. सर्व्हिस सेंटर म्हणतं, "रिपेअर होत नाही, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." आणि जो आकडा सांगतात, त्यात थोडी भर घातली की तशीच दुसरी गाडी येईल. आता त्याच कंपनीने तेच मॉडेल, तेच इंजिन घालून मॅन्युअलमध्येही विकलेलं आहे. त्या मॅन्युअल गाडीचा गिअरबॉक्स कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळतो. चांगला मिस्त्री तो तुमच्या गाडीत बसवू शकतो. मग बसवायचा का?

मिस्त्री म्हणतो, होतंय. खिसा म्हणतो, करून टाक. कायदा काय म्हणतो? कायदा धड काही सांगत नाही, पण चुकलात तर सहा महिने आत टाकू असं मात्र स्पष्ट सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: त्याच मॉडेलच्या मान्यताप्राप्त मॅन्युअल गाडीचे भाग घालून ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करणं ही दुरुस्ती आहे. तिला तपासणी करून, आरसीवर नोंद करून परवानगी मिळालीच पाहिजे. आज ती वाट नाही. ती का नाही आणि त्याचा फायदा कुणाला होतो, ते बघू.

आधी काम काय असतं ते समजून घ्या

"गिअरबॉक्सच बदलायचा ना, त्यात काय" असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. जुन्या जीपमध्ये इंजिन उभं, त्यामागे गिअरबॉक्स, मग लांब शाफ्ट आणि मागे डिफरन्शियल. तिथे अदलाबदल तुलनेने सोपी. आपल्या आजच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. इंजिन आडवं बसवलेलं, आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच केसमध्ये. गिअरबॉक्स उतरवायचा तर दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढायचे, इंजिन वरून टांगून धरायचं, माउंटिंग सोडायचं. बऱ्याच गाड्यांत खालची सबफ्रेमही उतरवावी लागते.

टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी असेल तर तो कन्व्हर्टर आणि त्याची पातळ फ्लेक्सप्लेट जाते. त्या जागी फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग येतं. आत क्लचचं पेडल बसवायचं, म्हणजे अख्खा पेडल बॉक्स बदलायचा. क्लचची केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर, गिअर लिव्हर आणि त्याच्या केबल. ड्राइव्ह शाफ्टची लांबी किंवा दाते वेगळे असतील तर तेही बदलायचे. काही गाड्यांत स्टार्टरसुद्धा वेगळा असतो.

एवढं केलं तरी गाडी नीट चालेलच असं नाही, कारण खरा गुंता वायरिंगमध्ये असतो. ऑटोमॅटिक गाडीचा कॉम्प्युटर सारखा गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला शोधत राहतो. तो सापडला नाही की डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि कित्येक गाड्या ताकद कमी करून टाकतात. म्हणजे मॅन्युअल गाडीचा ईसीयू पाहिजे किंवा असलेल्या ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदललं पाहिजे. ईसीयू बदलला की चावीचं इमोबिलायझर जुळवायचं. आणि ते जुळवायचं साधन कुणाकडे? कंपनीकडे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

एएमटीवाल्यांचं काम यापेक्षा बरंच हलकं. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर जी एएमटी आपल्याकडे सर्वसामान्यांच्या खिशात बसली, तिच्यात मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला वर एक यंत्रणा बसवलेली असते, बस. ती यंत्रणा गेली म्हणून गाडी दारात उभी ठेवायची? आत धडधाकट मॅन्युअल गिअरबॉक्स बसलेला असताना?

सांगायचा मुद्दा, हे काम कौशल्याचं आहे, पण त्यात जादू काही नाही. आपल्याकडे ते कौशल्य आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचे भाग ओतून, टर्न करून देणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या बसली आहेत. पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात गाडी आतून ओळखणारे फिटर आहेत. अडलंय ते कागदावर.

आता कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ५२. मालकाने गाडीत असा बदल करायचा नाही की आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच कलम कडक अर्थाने वाचलं आणि मूळ तपशिलात फेरफार चालणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-ए नव्या रूपात आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता तुमचं आरसी काढा आणि बघा. इंजिन नंबर आहे, चॅसी नंबर आहे, इंधन, रंग, सीट, वजन, सगळं आहे. गिअरबॉक्सचा स्वतंत्र रकाना आहे का? नाही. पण मॉडेलच्या नावात अनेकदा "एटी" किंवा "एएमटी" अशी अक्षरं छापलेली असतात. मग गिअरबॉक्स बदलला तर तपशील बदलला की नाही? एक अधिकारी म्हणेल, रकानाच नाही तर बदल कसला. दुसरा म्हणेल, नावात एटी आहे, गाडीत क्लच आहे, गाडी बेकायदा. दोघांकडेही पुस्तक तेच.

ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांच्या गाडीसाठी मी एका आरटीओ कार्यालयात चौकशी केली. एका खिडकीवर उत्तर मिळालं, "बॉडी नाही ना बदलली? मग विचारता कशाला?" आत साहेब म्हणाले, "लेखी द्या, बघू." लेखी दिलं, त्याचं उत्तर आजतागायत नाही. बाहेर आल्यावर एजंट म्हणाला, "करून घ्या काका, पासिंगच्या वेळी आपण बघून घेऊ." या तिघांत ठाम आणि तत्काळ उत्तर देणारा माणूस एजंट होता. जिथे नियम धूसर असतो तिथे एजंटाचं दुकान चालतं, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायची गरज नाही.

आणि एक गंमत बघा. कार चालवायच्या लायसन्सवर आपल्याकडे एलएमव्ही लिहिलेलं असतं. त्याच लायसन्सवर तुम्ही ऑटोमॅटिक चालवा नाहीतर मॅन्युअल, सरकारला फरक पडत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवता येत नाही. आपल्याकडे कारच्या बाबतीत तसं काही नाही. म्हणजे आज ऑटोमॅटिक आणि उद्या मॅन्युअल चालवणारा माणूस सरकारच्या मते सुरक्षित. पण तीच गाडी नीट तपासून मॅन्युअल केली की ती संशयित!

इंजिन काढा चालेल, गिअरबॉक्स नको

आता हे वाचा आणि सांगा मला, यात तर्क कुठे आहे.

पेट्रोल गाडीत सीएनजी किट बसवायला कायद्यात सोय आहे. डिकीत जास्त दाबाच्या गॅसची टाकी, इंजिनापर्यंत पाइप, वेगळा कंट्रोलर. मान्यताप्राप्त किट, अधिकृत केंद्र, आरसीवर नोंद, विषय संपला. आपल्या शहरांत अशा किती गाड्या फिरतात, बघा जरा पंपावरची रांग.

गाडी बॅटरीवर करायची? त्याचीही सोय कायद्यात आहे. इंजिन काढून मोटर आणि बॅटरी टाका, मान्यताप्राप्त किट असेल तर चालेल.

दिव्यांग व्यक्तीला स्वतःची गाडी आपल्या सोयीची करून घ्यायची असेल तर ती आधी करून नंतर मंजुरी घेण्याची मुभाही याच कलमात आहे, आणि ती असायलाच हवी.

म्हणजे तपासणी कशी करायची, किटला मान्यता कशी द्यायची, नोंद कशी करायची, हे सगळं आपल्या यंत्रणेला येतं. स्फोटक वायूची टाकी तपासता येते, शेकडो व्होल्टची बॅटरी तपासता येते, पण त्याच कंपनीने त्याच गाडीसाठी बनवलेला मॅन्युअल गिअरबॉक्स तपासायला वाट नाही!

आणि हा मुद्दा नीट लक्षात घ्या. सीएनजी किट बाहेरच्या कुणीतरी बनवलेलं असतं. ईव्ही किटही तसंच. पण आपण ज्याबद्दल बोलतोय, त्या कामात सगळे भाग त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे. काम पूर्ण आणि नीट केलं, ईसीयूसकट, तर जी गाडी तयार होते ती कंपनीने आधीच बनवलेली, सरकारी चाचणीतून पास झालेली, शोरूममधून हजारोंनी विकलेली मॅन्युअल गाडीच असते. धूर, ब्रेक, वजन, सगळ्यांच्या चाचण्या त्या व्हेरिएंटवर होऊन गेलेल्या आहेत.

"पण सुरक्षेचं काय?"

हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही. गल्लीबोळात फटाके फोडणारे सायलेन्सर, रुंद टायर, पुढे लोखंडी गार्ड लावून फिरणारे दादा, हे सगळे आपण बघतो. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. बेताल मॉडिफिकेशनची बाजू मी घेत नाहीये.

गिअरबॉक्सच्या कामातही धोके आहेत, तेही सांगतो. ऑटोमॅटिक गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्ये सुरू होते, कारण तिथे एक स्विच असतो. मॅन्युअल करताना काही जण तो स्विच नुसता जोडून मोकळे होतात. मग गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरवली की उडी मारते. समोर लेकरू खेळत असलं तर? त्या जागी क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट होऊ न देणारा स्विच बसवायला हवा. रिव्हर्सच्या लाइटची वायर जोडायची राहते. चेक इंजिनचा दिवा पेटला की ईसीयूचं काम करण्याऐवजी दिव्यालाच बूच मारतात. माउंटिंगला वेल्डिंगचा जुगाड करतात.

पण हे धोके कधी वाढतात? काम अंधारात होतं तेव्हा. आज हे काम होतच नाही असं कुणाला वाटत असेल तर त्याने एखाद्या जुन्या गॅरेजात अर्धा दिवस बसून यावं. काम होतंय, फक्त बिल नाही, तपासणी नाही, नोंद नाही. पुढे ती गाडी विकली जाते आणि घेणाऱ्याला कळतही नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. बंदीने सुरक्षितता आली नाही. जो प्रामाणिकपणे विचारायला जातो तोच अडकतो, एवढंच झालं.

बाहेरच्या देशांत काय करतात? जर्मनी काही मवाळ देश नाही. तिथे गाडीत मोठा बदल केला की मान्यताप्राप्त इंजिनिअरकडे न्यायची, तो तपासतो, अहवाल देतो, कागदपत्रांत नोंद होते. ऑस्ट्रेलियात वाहनबदलांची राष्ट्रीय संहिता आहे आणि तिच्यात ट्रान्समिशनसाठी वेगळा विभाग आहे. काय तपासायचं ते लिहून ठेवलंय. हे दोन्ही देश आपल्यापेक्षा रस्त्यावरच्या जिवाची किंमत कमी समजतात का?

"दुसरी गाडी घ्या ना मग"

हे सल्ले ऐकले की डोकं फिरतं. हप्ते फेडून गाडी आत्ता कुठे स्वतःची झालेली असते. मुलीचं शिक्षण, आईचं औषधपाणी, त्यात परत पाच वर्षांचं कर्ज काढायचं? ते कशासाठी, तर एक भाग बिघडला म्हणून?

आणि तो भाग मालकाच्या चुकीनेच बिघडतो असंही नाही. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचा इतिहास बघा. फोर्डच्या पॉवरशिफ्टबद्दल ऑस्ट्रेलियात ग्राहकांच्या इतक्या तक्रारी आल्या, आणि कंपनीने त्या अशा हाताळल्या, की २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्या प्रकरणात फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट होत्या. फोक्सवॅगनला २०१३ मध्ये सात गिअरच्या डीएसजीपायी जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

हीच पॉवरशिफ्ट आपल्याकडे सुरुवातीच्या पेट्रोल इकोस्पोर्टमध्ये आली. २०१७ च्या नव्या रूपात कंपनीने ती काढून टॉर्क कन्व्हर्टर दिला. म्हणजे कंपनीला स्वतःचा गिअरबॉक्स बदलता आला. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने भारतातलं उत्पादनच थांबवायचं जाहीर केलं. सर्व्हिस आणि पार्ट देत राहू असं सांगितलं, ठीक आहे. पण जुन्या ऑटोमॅटिकच्या मालकाने किती वर्षं त्या भरवशावर बसायचं? शेवरोलेवाल्यांना विचारा. तळेगावात एवढा कारखाना होता, २०१७ अखेर भारतातली विक्री बंद झाली. कंपन्या जातात. गाडी मात्र तुमच्या दारात राहते.

त्याच इकोस्पोर्टला त्याच दीड लिटर पेट्रोल इंजिनावर पाच गिअरचा मॅन्युअल होता. तो गिअरबॉक्स साधा, टिकाऊ, कुणालाही खोलता येण्यासारखा. मग मालकाने तो घातला तर देशाचं काय बिघडतं?

नुकसान कुणाचं होतं, ते बघा

ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने देशातल्या १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण काय? सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात, बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत. पुढे अपिलं झाली, प्रकरण रेंगाळलं. पण दुखणं काय आहे ते सरकारी कागदावर तेव्हाच आलं. वर म्हटलं ना, ईसीयू जुळवायचं साधन कंपनीकडे? ते हेच.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने "दुरुस्तीचा हक्क" या विषयावर समिती नेमली. डिसेंबरात पोर्टल आलं. त्यात वाहन क्षेत्रही आहे. म्हणजे एक खातं म्हणतं दुरुस्ती हा तुमचा हक्क, आणि दुसऱ्या खात्याच्या कायद्यात त्याच दुरुस्तीला कैद. दोन्ही खाती दिल्लीतच आहेत. एकदा चहाला भेटा की!

गाडी उभी राहिली की नवी असेंब्ली विकणाऱ्याचा फायदा. ती परवडली नाही तर भंगारवाल्याचा फायदा. नवी गाडी घेतली तर कंपनीचा, बँकेचा आणि कर गोळा करणाऱ्याचा फायदा. मालक आणि मिस्त्री, या दोघांचंच काय ते नुकसान. आणि पर्यावरणाच्या नावाने भाषणं देताना धडधाकट इंजिनाची गाडी मोडीत काढायची, हे वर.

मागणी काय आहे

नवा कायदा करायची गरजच नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये केंद्र सरकारला अधिकार दिलेला आहे: गाडीतल्या बदलांसाठी निकष, अटी आणि मान्यतेची पद्धत ठरवा. अशा मान्य बदलामुळे वॉरंटी रद्द समजायची नाही, असंही त्यात लिहिलंय. अधिकार आहे, वापरा.

१. ज्या मॉडेलमध्ये त्याच इंजिनावर मान्यताप्राप्त मॅन्युअल व्हेरिएंट विकला गेलाय, तिथे गिअरबॉक्स बदलाला स्पष्ट परवानगी द्या. भाग त्याच व्हेरिएंटचे, ईसीयूसकट.

२. जिथे मॅन्युअल विकलाच नाही, तिथे वेगळी आणि कडक चाचणी ठेवा. उदाहरणार्थ १.२ लिटरची पोलो जीटी टीएसआय आपल्याकडे फक्त डीएसजीमध्ये आली. तिला हाच सोपा नियम लावा असं मी म्हणत नाही.

३. तपासणीची यादी एका पानाची करा: स्टार्टचा क्लच स्विच, रिव्हर्स लाइट, माउंटिंग, ब्रेक पेडल, ईसीयूमध्ये एकही फॉल्ट नाही, पीयूसी पास. मुदत ठरवून द्या. "लेखी द्या, बघू" चालणार नाही.

४. आरसीवर नोंद आणि विम्यात नोंद. नंतर गाडी घेणाऱ्याला सगळं दिसलं पाहिजे.

५. ईसीयू आणि इमोबिलायझर जुळवायचं साधन वाजवी दरात बाहेरच्या गॅरेजांना देणं कंपन्यांवर बंधनकारक करा.

६. तोवर परिवहन आयुक्तांनी राज्यातल्या सगळ्या आरटीओंना एकच लेखी खुलासा पाठवावा. हो तर हो, नाही तर नाही. पण कागदावर.

आणि ज्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स आत्ताच गेलाय त्यांना सांगतो: घाईने कुणाच्याही भरवशावर काम करू नका. आधी दोन स्वतंत्र गॅरेजांत दाखवा, कित्येकदा पूर्ण असेंब्ली न बदलता भागते. तोवर आपल्या आरटीओला लेखी प्रश्न विचारा, पोच घ्या, आणि उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात तोच प्रश्न परत टाका. एकाने विचारलं तर फाइल दबते. पाचशे जणांनी विचारलं तर परिपत्रक निघतं.

ज्यांनी विचारलंय त्यांनी काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा. जिल्हा लिहा, अधिकाऱ्याचं नाव नको. कोणत्या आरटीओत काय सांगतात याची यादी करू आणि तीच यादी आपल्या आमदार-खासदारांना पाठवू. पटलं तर शेअर करा. पटलं नाही तर का पटलं नाही ते सांगा, पण "दुसरी गाडी घ्या" एवढं सोडून.